दोन कोमारोम, एक नदी : हंगेरीतले नऊ दिवस

२०२२च्या फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाला, तेव्हा माझी भाची उझहोरोदच्या विद्यापीठात मेडिकलला होती. लढाई पूर्वेला, उझहोरोद पार पश्चिम टोकाला. तरी मुलं घाबरली होती आणि इकडे कोल्हापुरात तिची आई फोन हातातून खाली ठेवत नव्हती. शेवटी ही मुलं चॉपच्या नाक्यावरून रेल्वेने झाहोन्यला, म्हणजे हंगेरीत पोचली. तिथून बुडापेस्ट आणि मग ऑपरेशन गंगाच्या विमानाने दिल्ली. घरी आल्यावर ती युद्धाबद्दल फारसं बोलली नाही. झाहोन्यच्या फलाटावर एका बाईने तिच्या हातात गरम सूप दिलं, तिचे ओले मोजे काढायला लावून कोरडे लोकरीचे मोजे घातले, हे मात्र तिने दहादा सांगितलं. "मावशी, कधी गेलीस तिकडे तर ते स्टेशन बघून ये."

माझा जन्म बेळगावचा. तिथल्याच मराठी शाळेत शिकवण्यात उमर गेली. आपली भाषा एका राज्याची आणि आपलं घर दुसऱ्या राज्यात, ही गोष्ट मला पुस्तकातून शिकावी लागली नाही. हंगेरीबद्दल पेपरात वाचत होते ते सगळं भांडणाचंच होतं: ब्रसेल्सशी (म्हणजे युरोपीय संघाशी), कीवशी (युक्रेनशी), कधी बुखारेस्टशी (रोमानियाशी), आणि त्याआधी ब्रातिस्लाव्हाशी (स्लोव्हाकियाशी). ते मोजे आणि ही भांडणं एकाच देशातली आहेत हे मनाला पटेना. निवृत्तीनंतर पहिला मोठा खर्च केला तो याच प्रवासावर.

पहिला दिवस : शनिवार, १ जून २०२४

विमानतळावरून शहरात येणाऱ्या बसच्या खिडकीतून पहिलं काही दिसलं असेल तर ते फलक. ९ जूनला युरोपीय संसदेची आणि स्थानिक, अशा दोन्ही निवडणुका एकाच दिवशी होत्या. सरकारी पक्षाच्या, म्हणजे फिदेसच्या फलकांवर शांततेचा शब्द आणि शेजारी विरोधकांचे काळवंडलेले चेहरे. मला हंगेरियन येत नाही, पण कोणाला चांगलं म्हणायचंय आणि कोणाला वाईट, हे कळायला भाषा लागत नव्हती.

जिच्या घरी खोली घेतली होती ती बाई चौऱ्याहत्तर वर्षांची, रसायनशास्त्राची निवृत्त शिक्षिका. इथे वयस्कर बाईला नावापुढे 'नेनी' लावून हाक मारतात, आपल्या मावशीसारखं. मी तिला नुसतं नेनीच म्हणू लागले. तिने चहा ठेवला आणि म्हणाली, "आज पुलाकडे गर्दी असेल. बघायचं असेल तर जा, मी येणार नाही."

गर्दी म्हणजे 'शांती मोर्चा'. साखळी पुलापासून मार्गारेट बेटापर्यंत, तेव्हाचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांच्या समर्थकांचा. दुनेच्या काठाने (डॅन्यूबला इथे दुना म्हणतात) हजारो माणसं शिस्तीत चालली होती. लाल-पांढरे-हिरवे झेंडे, गावांच्या नावांचे फलक, नातवंडांना खांद्यावर घेतलेले आजोबा. बेटावर ओर्बान बोलले. शेजारची मुलगी तुकड्या-तुकड्याने इंग्रजीत सांगत होती: ब्रसेल्स आणि वॉशिंग्टन युरोपला युद्धाकडे ओढताहेत, आपण त्यात पडायचं नाही.

तिथे गवतावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ते रोमानियातल्या ट्रान्सिल्व्हेनियातून रात्रभर बसने आले होते, जातीने सेकेय, मातृभाषा हंगेरियन. मी विचारलं, एवढ्या लांबून का आलात? ते म्हणाले, "२००४च्या डिसेंबरात आम्हाला नागरिकत्व द्यायचं की नाही यावर इथे सार्वमत झालं. लोक मतदानालाच गेले नाहीत, सार्वमत बाद झालं. त्या रात्री माझी बायको रडली. ओर्बान आले आणि त्यांनी आम्हाला पासपोर्ट दिला." २०१०चा तो कायदा. त्याखाली देशाबाहेरच्या दहा लाखांहून अधिक हंगेरियनांनी नागरिकत्व घेतलं. ही माणसं संसदेच्या निवडणुकीत टपालाने मत देतात आणि त्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त मतं फिदेसला जातात, हे मला ठाऊक होतं. पण त्या माणसाचा गळा भरून आला होता तो मतांच्या हिशेबाने नव्हे. संध्याकाळभर तेच डोक्यात राहिलं.

दुसरा दिवस : रविवार, २ जून

दोन नंबरची ट्राम नदीच्या कडेने संसदेपर्यंत नेते. संसदेची इमारत फोटोत दिसते त्याहून मोठी आहे. दर्शनी भागावर हंगेरीचा झेंडा, आणि त्याच्याजवळ निळा-सोनेरी सेकेय लोकांचा. युरोपीय संघाचा झेंडा नाही. हा देश १ मे २००४ला संघात आला, त्याआधी २००३च्या सार्वमतात मत देणाऱ्यांपैकी ८४ टक्के लोकांनी 'हो' म्हटलं होतं. तरी दहा वर्षांपासून संसदेवर संघाचा झेंडा नाही आणि शेजारच्या देशातल्या एका प्रदेशाचा मात्र आहे. बुखारेस्टमध्ये बसलेल्या माणसाला हे कसं वाटत असेल, ते समजायला फार कल्पना लढवावी लागत नाही.

मला इम्रे नॉज यांचा पुतळा बघायचा होता. १९५६च्या उठावाचे पंतप्रधान. संसदेजवळच्या चौकात एका छोट्या काशाच्या पुलावर संसदेकडे तोंड करून ते उभे असत. डिसेंबर २०१८मध्ये तो पुतळा तिथून हलवला आणि त्या जागी १९१९च्या कम्युनिस्ट राजवटीतल्या लाल दहशतीच्या बळींचं युद्धपूर्व काळातलं स्मारक पुन्हा उभं केलं. नॉज आता मार्गारेट पुलाजवळच्या यासाई मारी चौकात आहेत. चालत गेले. पुतळा आहे तसाच आहे: पुलाच्या मधोमध, हातात छत्री, डोक्यावर टोपी. एक मुलगा शेजारी उभा राहून आईकडून फोटो काढून घेत होता.

१ नोव्हेंबर १९५६ला नॉज यांनी वॉर्सा करारातून, म्हणजे सोव्हिएत गटाच्या लष्करी युतीतून, बाहेर पडल्याचं आणि हंगेरी तटस्थ असल्याचं जाहीर केलं. त्याच १ नोव्हेंबर १९५६ला भाषावार राज्यरचना अमलात आली आणि आमचं बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. आम्ही दर वर्षी तो दिवस काळा दिवस म्हणून पाळत मोठे झालो. त्याच तारखेला जगाच्या दुसऱ्या टोकाला एक देश मोकळा श्वास घेऊ पाहत होता, हे मला साठी उलटल्यावर कळावं याचं वाईट वाटलं. ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे आले. दोन लाख माणसं देश सोडून गेली. नॉज यांना १६ जून १९५८ला फाशी दिलं.

आपल्या देशाचं या प्रकरणात जे झालं तेही सांगायला हवं. ९ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली हंगेरीत निवडणुका घ्याव्यात या ठरावाविरुद्ध भारताने मत दिलं. नेहरूंवर त्याबद्दल देशातही टीका झाली आणि ती रास्तच होती. पण बुडापेस्टमधल्या आपल्या वकिलातीचं दार तेव्हा उघडं राहिलं. विचारवंत इश्तवान बिबो यांचा तडजोडीचा मसुदा आर्पाद गोन्त्स यांनी तिथे पोचवला. दोघांना १९५८मध्ये जन्मठेप झाली. हेच गोन्त्स १९९०मध्ये स्वतंत्र हंगेरीचे राष्ट्राध्यक्ष झाले.

परतताना सबॉदशाग चौक. एकाच चौकात सोव्हिएत सैनिकांचं स्मारक आणि रोनाल्ड रेगन चालताना दाखवलेला पुतळा. आणि दुसऱ्या टोकाला २०१४मध्ये रात्रीतून बसवलेलं जर्मन कब्जाचं स्मारक: गरुड झडप घालतोय आणि खाली देवदूत, म्हणजे निष्पाप हंगेरी. त्याच्यासमोर दोरीला लोकांनी स्वतः आणून लावलेले फोटो, जुन्या सुटकेसी, चष्मे, पत्रं. १९४४च्या मे ते जुलै या आठ आठवड्यांत ४ लाख ३० हजारांहून अधिक ज्यूंना या देशातून पाठवलं गेलं, ते हंगेरीच्याच पोलिसांच्या आणि अधिकाऱ्यांच्या मदतीने. सगळा दोष परक्यावर टाकणारा देवदूत लोकांनी दहा वर्षांत मान्य केलेला नाही. दोरीवरचे फोटो पावसाने फिके झाले की कुणीतरी नवे लावतं. मी त्या सुटकेसींसमोर बराच वेळ उभी होते.

तिसरा दिवस : सोमवार, ३ जून

न्युगाती स्टेशनवरून लोकलने नॉजमारोश. इथे दुना डोंगरात शिरून काटकोनात वळते. पलीकडे विशेग्रादचा किल्ला. जर्मनीत पुराच्या बातम्या होत्या आणि नदी गढूळ, भरलेली दिसत होती.

हंगेरी आणि चेकोस्लोव्हाकिया या दोन देशांनी १९७७मध्ये इथे आणि वर गाबचीकोवोला जोडधरण बांधायचा करार केला होता. धरणाविरुद्ध बोलणं त्या काळी सोपं नव्हतं. तरी यानोश व्हार्गा नावाच्या जीवशास्त्रज्ञाने आणि 'दुना मंडळा'च्या लोकांनी आवाज उठवला. १९८८मध्ये हजारो माणसं संसदेसमोर उभी राहिली, आणि १९८९मध्ये सरकारने काम थांबवलं. या देशात लोकशाही आली त्यात या नदीचा मोठा वाटा आहे. पण शेजाऱ्याने आपला हिस्सा बांधून काढला आणि १९९२च्या ऑक्टोबरात नदीच आपल्या हद्दीत वळवली. त्यानंतर हंगेरी आणि नवा स्लोव्हाकिया भांडण घेऊन हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले, दोघांच्या संमतीने. न्यायाधीश स्वतः नदीवर येऊन जागा पाहून गेले, त्या न्यायालयाच्या इतिहासात असं पहिल्यांदाच झालं. श्रीलंकेचे न्यायमूर्ती वीरमंत्री यांनी आपल्या स्वतंत्र मतात सिंहली राजांनी बांधलेल्या प्राचीन तळ्यांचा दाखला दिला. २५ सप्टेंबर १९९७चा निकाल: चूक दोघांचीही. करार मोडायचा हंगेरीला अधिकार नव्हता, आणि नदी वळवून वापरायचा चेकोस्लोव्हाकियाला.

वाद अजून पुरता मिटलेला नाही. पण नावेतून पलीकडे जाताना मी पाहिलं, जिथे भिंत उभी राहणार होती तिथे वाळूवर मुलं दगड फेकत होती. न्यायालयाच्या निकालामुळे कुणाचं नाक कापलं गेलं, असं मला इथे कुणी म्हणालं नाही.

दुपारी बसने एस्तरगोम. बॅसिलिका पाहिली, मोठी आहे. त्याहून मला खालचा पूल आवडला. मारिया व्हालेरिया पूल डिसेंबर १९४४मध्ये जर्मन सैन्याने उडवला. त्यानंतर सत्तावन्न वर्षं नदीच्या मधोमध तुटके खांब उभे होते, कारण दोन 'बंधु' समाजवादी देशांना तो जोडावासा वाटला नाही. ११ ऑक्टोबर २००१ला, युरोपीय संघाच्या पैशाच्या मदतीने, तो पुन्हा उघडला. मी चालत स्लोव्हाकियातल्या श्टूरोवोला गेले. कुणी पासपोर्ट विचारला नाही. दोन्ही काठांवर हंगेरियन बोलतात, इकडच्या बायका तिकडे बाजाराला जातात. आइस्क्रीम खाऊन परत आले.

चौथा दिवस : मंगळवार, ४ जून

आज त्रियानोंचा दिवस. ४ जून १९२०ला व्हर्सायच्या त्रियानों राजवाड्यात सह्या झाल्या आणि हंगेरीच्या जुन्या राज्याचा दोन-तृतीयांशाहून जास्त भाग गेला. सुमारे ३३ लाख हंगेरियन नव्या सीमांपलीकडे राहिले. 'नेम, नेम, शोहा', म्हणजे 'नाही, नाही, कधीच नाही', ही घोषणा मग वीस वर्षं शाळाशाळांतून म्हटली गेली. कम्युनिस्टांच्या काळात या विषयावर बोलायचीच बंदी. २०१०पासून हा राष्ट्रीय एकतेचा दिवस आहे. २०२०मध्ये शंभर वर्षं झाली तेव्हा बुडापेस्टच्या विरोधी पक्षाच्या महापौरांनीही शहराच्या ट्राम आणि बस एक मिनिट थांबवल्या होत्या.

नेनी म्हणाली, "आज मी येते."

संसदेसमोर शंभर मीटर लांबीचा उतार जमिनीत खाली जातो. दोन्ही बाजूंच्या दगडी भिंतींवर जुन्या राज्यातल्या साडेबारा हजार गावांची नावं, १९१३च्या यादीप्रमाणे कोरलेली. तळाशी तडा गेलेला ग्रॅनाइटचा ठोकळा आणि आत ज्योत. नेनी ओर्बानना मत देत नाही, त्यांच्या सरकारबद्दल तिच्या तोंडून चांगला शब्द निघत नाही. पण ती उतारावरून सरळ चालत गेली, एका ठिकाणी थांबली आणि बोटाने एक नाव चाचपलं. तिच्या आईचं गाव. आता स्लोव्हाकियात आहे. १९४७मध्ये हंगेरी आणि चेकोस्लोव्हाकियाने माणसांची अदलाबदल केली, त्यात आईच्या घरच्यांना मालगाडीच्या एका डब्यात बसेल तेवढं सामान घेऊन निघायला सांगितलं. "आईने शिवणयंत्र घेतलं," नेनी म्हणाली. "गाय घेऊ दिली नाही."

ती रडली नाही. पण बाहेर येऊन बाकावर बसल्यावर म्हणाली, "या भिंतीवरची सगळीच नावं आपली नव्हेत. स्लोव्हाक गावं आहेत, रोमानियन आहेत. १८९८चा कायदा करून आम्हीच त्यांची नावं बदलली होती. १९०७ला त्यांच्या शाळांवर आमची भाषा लादली. त्या गावातला माणूस इथे आला तर त्याला त्याच्या आजीने घेतलेलं गावाचं नाव सापडणार नाही."

मी तिला बेळगावचं सांगितलं. पाट्यांचं सांगितलं, २०१४मध्ये नाव बदललं त्याचं सांगितलं, मराठी शाळेतले वर्ग वर्षागणिक कसे कमी होत गेले ते सांगितलं. तिने ते असं ऐकलं, जसं माझ्या मुलखाबाहेरच्या कुणी आजवर ऐकलं नव्हतं. दुःख खरं असतं आणि ते वापरणारेही असतात, या दोन गोष्टी नेनी एकाच वेळी धरून होती. मला ते जन्मभर नीट जमलेलं नाही.

पाचवा दिवस : बुधवार, ५ जून

कोमारोम. व्हिएन्नाच्या रेल्वेमार्गावरचं गाव. नदीच्या दक्षिणेला हंगेरीचं कोमारोम, उत्तरेला स्लोव्हाकियाचं कोमार्नो. त्रियानोंआधी एकच शहर होतं. मधे १८९२चा एलिझाबेथ पूल.

२१ ऑगस्ट २००९ला या पुलावर जे घडलं त्यासाठी मी इथे आले होते. कोमार्नोतल्या हंगेरियनांनी हंगेरीचा पहिला राजा संत इश्तवान याचा पुतळा बसवला आणि अनावरणाला हंगेरीचे राष्ट्राध्यक्ष लास्लो शोयोम यांना बोलावलं. तारीख २१ ऑगस्ट, म्हणजे १९६८मध्ये वॉर्सा कराराची सैन्यं चेकोस्लोव्हाकियात घुसली तो दिवस, आणि त्या सैन्यांत हंगेरीचंही सैन्य होतं. स्लोव्हाकियाचे पंतप्रधान रॉबर्ट फित्सो यांच्या सरकारने शोयोम यांना प्रवेश नाकारला. दोन्ही देश युरोपीय संघात, दोन्ही शेंगेनमध्ये, म्हणजे आपसात सीमेवर तपासणी नसलेल्या देशांच्या गटात. शोयोम पुलाच्या मध्यापर्यंत चालत आले, तिथे पत्रकारांशी बोलले आणि मागे फिरले. हंगेरी युरोपीय न्यायालयात गेला. २०१२मध्ये निकाल लागला: राष्ट्रप्रमुखाचं येणं-जाणं साध्या नागरिकासारखं नसतं, स्लोव्हाकियाने संघाचा कायदा मोडला नाही. शोयोम गेल्या ऑक्टोबरात वारले.

मी पुलाच्या मध्यावर उभी राहिले. खाली पाणी चढलेलं, झाडांच्या फांद्या वाहत होत्या. सायकलवरची शाळकरी मुलं घंटी वाजवत मला वळसा घालून गेली.

कोमार्नोत पाट्या दोन भाषांत. हंगेरियन माध्यमाचं विद्यापीठ २००४पासून आहे. गावातल्या एका शिक्षिकेशी ओळख झाली, ती प्राथमिक शाळेत हंगेरियनमधून शिकवते. तिच्यासोबत दोन तास बसले. तिचं म्हणणं मी जमेल तसं इथे उतरवते. २००९मध्ये भाषेचा कायदा कडक झाला, सरकारी कामात स्लोव्हाक वापरली नाही तर पाच हजार युरोपर्यंत दंड. २०१०मध्ये बुडापेस्टने पासपोर्ट देऊ केले, तर फित्सोंच्या सरकारने उलट कायदा केला: दुसरं नागरिकत्व घ्याल तर इथलं जाईल. "आमच्या गावात एका म्हाताऱ्या माणसाने हंगेरीचा पासपोर्ट घेतला आणि तो लपवून ठेवला, बायकोपासूनसुद्धा." हा कायदा पुढे २०२२मध्ये सैल झाला.

आता तेच फित्सो आणि तेच ओर्बान मित्र आहेत. दोघांनाही युक्रेनला शस्त्रं देणं नको, दोघांनाही ब्रसेल्स नको. १५ मेला फित्सोंवर गोळ्या झाडल्या गेल्या, ते वाचले, पण गावात अजून तोच विषय होता. मी विचारलं, मैत्री झाली म्हणजे तुमचं बरं झालं ना? ती थोडा वेळ चमचा फिरवत राहिली. "दंगा नाही, हे बरंच. पण ते भांडत होते तेव्हाही आम्हाला कुणी विचारलं नव्हतं आणि मैत्री करतानाही विचारलं नाही." स्लोव्हाकियात सव्वाचार लाखांच्या आसपास हंगेरियन आहेत, पण २०२० आणि २०२३च्या निवडणुकांत त्यांचा एकही पक्ष पाच टक्क्यांचा उंबरठा ओलांडू शकला नाही. बुडापेस्टहून शाळेला खिडक्या मिळाल्या, चर्चला छत मिळालं. ती त्याबद्दल कृतज्ञ आहे. "पण खिडकीवर देणाऱ्याचं नाव लावतात, आणि मग स्लोव्हाक पालक रस्त्यावरून जाताना ते वाचतात."

संत इश्तवानचा पुतळा बघून परतले. घोड्यावर बसलेला राजा, खाली ताजी फुलं.

सहावा दिवस : गुरुवार, ६ जून

पहाटेच्या गाडीने झाहोन्य. देब्रेत्सेन, न्यिरेजहाझा, मग सपाट मैदान, सूर्यफुलं, बाभळीची बनं. साडेचार तासांहून जास्त.

झाहोन्य स्टेशनचा पसारा गावापेक्षा मोठा. इथे युरोपातले रूळ संपतात आणि सोव्हिएत काळातले रुंद रूळ सुरू होतात, म्हणून माल एका डब्यातून दुसऱ्यात चढवावा लागतो. पलीकडे तिसा नदी, तिच्यापलीकडे चॉप. फलाटावर ऊन, दोन कुत्री आणि एक झाडूवाला. मी भाचीला व्हिडिओ कॉल लावला. ती इंटर्नशिपच्या ड्यूटीवर होती, तरी धावत बाहेर आली.

"मावशी, तो पिवळा भिंतीचा भाग दाखव गं. हां, तिथेच. तिथे टेबलं होती."

ती मग बराच वेळ बोललीच नाही. मीही फोन तसाच धरून उभी.

स्टेशनबाहेरच्या दुकानातल्या बाईला मी मोडक्या खुणांनी आणि फोनवरच्या भाषांतराने विचारलं, २०२२ला इथे सूप कोण देत होतं? ती हसली आणि स्वतःकडे, मग रस्त्यावरून जाणाऱ्या दोघींकडे, मग चर्चकडे बोट दाखवलं. सगळंच गाव. शाळेच्या हॉलमध्ये गाद्या टाकल्या होत्या. तिचा भाऊ पलीकडे, बेरेगसासला आहे. युक्रेनच्या झाकारपात्या भागात २००१च्या जनगणनेत दीड लाखाहून जास्त हंगेरियन होते, आता किती उरले कोण जाणे. तिथले हंगेरियन अजूनही घड्याळ बुडापेस्टचं लावतात, कीवपेक्षा एक तास मागे. भावाला भेटायचं ठरवताना पहिला प्रश्न असतो, कुणाच्या वेळेने? तो आता देशाबाहेर येऊ शकत नाही, लढाईच्या वयाचा आहे. त्याच्या वर्गातला एक मुलगा पूर्वेच्या आघाडीवर मेला. हंगेरियन मुलगा, युक्रेनच्या गणवेशात.

२०१७मध्ये युक्रेनने शिक्षणाचा कायदा केला, त्यात वरच्या वर्गांत अल्पसंख्याकांच्या भाषेतून शिकवणं बरंच कमी केलं. रशियन भाषेचा जोर मोडायचा हा हेतू, पण घाव हंगेरियन आणि रोमानियन शाळांवरही बसला. मराठी शाळेत उमर घालवलेल्या माझ्यासारखीला या बाबतीत हंगेरीची तक्रार खोटी म्हणवत नाही. पण बुडापेस्टने पुढे काय केलं? नाटो आणि युक्रेनच्या मंत्र्यांच्या बैठका अडवल्या. युद्ध सुरू झाल्यावरही मदतीच्या पैशांवर नकाराधिकार वापरला. डिसेंबर २०२३मध्ये युक्रेनने कायदा बराच सैल केला. त्याच महिन्यात ब्रसेल्समध्ये युक्रेनशी प्रवेशाची बोलणी सुरू करायचा निर्णय झाला, तेव्हा ओर्बान सभागृहाबाहेर गेले आणि बाकी सव्वीस जणांनी निर्णय घेतला. आधल्याच दिवशी युरोपीय आयोगाने हंगेरीचे गोठवलेले सुमारे दहा अब्ज युरो मोकळे केले होते.

मी त्या बाईला विचारलं, हे सगळं तुमच्या भावाच्या शाळेसाठी झालं का? भाषांतराच्या यंत्राने काय सांगितलं कोण जाणे. ती म्हणाली, "त्याला आता दुकानात हंगेरियन बोलताना आधी आजूबाजूला बघावं लागतं." मग तिने प्लमच्या मुरंब्याची बरणी कागदात गुंडाळून दिली. पैसे घेतले नाहीत. "त्या मुलीला."

भाचीने रात्री लिहिलं: "आम्हाला कुणी कागदसुद्धा नीट तपासला नाही मावशी, आधी खायला दिलं." याच देशाने २०१५च्या सप्टेंबरात सर्बियाच्या सीमेवर १७५ किलोमीटरचं कुंपण पुरं केलं. सिरियातून, अफगाणिस्तानातून आलेल्या माणसाला इथे आसरा मागायचा असेल तर २०२०पासून त्याने आधी बेलग्रेड किंवा कीवच्या हंगेरियन वकिलातीत जाऊन अर्ज करायचा. भाचीच्या वयाचीच मुलं ती. त्यांचेही मोजे ओलेच होते.

सातवा दिवस : शुक्रवार, ७ जून

परतीच्या गाडीत झोप. संध्याकाळी नेनीसोबत नादोर रस्त्यावरून फेरी. इथे मध्य युरोपीय विद्यापीठाची देखणी इमारत आहे. अमेरिकी अब्जाधीश जॉर्ज सोरोस यांनी १९९१मध्ये स्थापलेलं हे विद्यापीठ २०१७च्या एका कायद्यामुळे २०१९मध्ये व्हिएन्नाला गेलं. २०२०मध्ये युरोपीय न्यायालय म्हणालं, तो कायदाच चुकीचा. तोवर वर्ग निघून गेले होते. नेनीचा मुलगा तिथेच शिकला, आता व्हिएन्नात राहतो. "निकाल आमच्या बाजूने लागला," ती म्हणाली, "आणि मुलगा तिकडेच राहिला."

आठवा दिवस : शनिवार, ८ जून

नायकांचा चौक. १६ जून १९८९ला इम्रे नॉज यांचं सन्मानाने पुन्हा दफन झालं, त्याआधीचा निरोपाचा सोहळा इथे झाला. लाखो माणसं, स्तंभांवर काळं कापड, आणि शेवटी एक दाढी वाढलेला सव्वीस वर्षांचा तरुण बोलायला उठला आणि त्याने सोव्हिएत फौजांनी निघून जावं असं उघड म्हटलं. तो तरुण म्हणजे व्हिक्टर ओर्बान. नेनी त्या दिवशी गर्दीत होती. "मी ओरडले होते आनंदाने," ती म्हणाली. हे सांगताना तिचा आवाज बदलला.

आज त्याच चौकात पेटर मग्यार यांची सभा. तेही फिदेसच्याच वर्तुळातले, माजी न्यायमंत्र्यांचे घटस्फोटित पती. फेब्रुवारीत मुलांच्या वसतिगृहातल्या अत्याचारावर पांघरूण घालणाऱ्या माणसाला माफी दिल्याचं उघड झालं आणि राष्ट्राध्यक्ष कातालिन नोव्हाक यांना राजीनामा द्यावा लागला. त्यानंतर हा माणूस पुढे आला. त्याच्या पक्षाचं नाव तिसा: आदर आणि स्वातंत्र्य या शब्दांची पहिली अक्षरं, आणि परवा मी जिच्या काठी उभी होते त्या नदीचंही नाव. गर्दी घोषणा देत होती, 'तिसा चढतेय'. इथे फक्त राष्ट्रध्वज होते. मग्यार हेही युक्रेन आणि सीमापारच्या हंगेरियनांबद्दल जपून बोलतात, असं नेनी म्हणाली. त्रियानोंची जखम असलेल्या देशात यापेक्षा वेगळं बोलून कुणी निवडून येईल असं तिला वाटत नाही. मला ते ऐकून उदास वाटलं. पण आजूबाजूला पंचवीस-तीस वर्षांची एवढी मुलं होती, आणि नेनी चौकाच्या कडेला काठी टेकून शेवटपर्यंत उभी राहिली.

नववा दिवस : रविवार, ९ जून

नेनीने सकाळी इस्त्री केलेला निळा ब्लाउज घातला. मतदान केंद्र कोपऱ्यावरच्या शाळेत. मी फाटकाबाहेर थांबले. ती वीस मिनिटांनी आली, माझी बॅग एका बाजूने धरली आणि बसथांब्यापर्यंत सोडायला आली.

इस्तंबूलच्या विमानतळावर निकाल पाहिला. फिदेसला ४४.८ टक्के, युरोपीय निवडणुकांतली त्यांची आजवरची सर्वांत कमी टक्केवारी. तीन-चार महिन्यांत उभ्या राहिलेल्या तिसाला २९.६. नेनीचा संदेश आला होता: "झोप येत नाही."

घरी पोचल्यावर, १३ जूनला, युरोपीय न्यायालयाचा निकाल आला. आसरा मागणाऱ्यांबाबतचा आधीचा आदेश पाळला नाही म्हणून हंगेरीला २० कोटी युरो दंड, आणि पाळेपर्यंत रोजचे आणखी १० लाख. भाची त्या दिवशी कोल्हापूरहून बेळगावला आली होती. मुरंब्याची बरणी उघडून पोळीला लावून खात होती. बातमी ऐकून तिने विचारलं, "हा दंड कोण भरणार मावशी? त्या फलाटावरच्या बायकाच ना?"

मी म्हटलं, सरकार भरेल, पण पैसे त्यांच्या करातलेच.

ती काही बोलली नाही. माझ्या फोनवरचा झाहोन्यचा फोटो दोन बोटांनी मोठा करून ती पिवळ्या भिंतीजवळचा बाक शोधत राहिली.